पांढऱ्या वर्षातला चेंडू

भरतपूर, १९ चैत

समीप,

आधी टोपी घाल, मग वाच. पांढऱ्या सुताची आहे, मीच विणली. लमजुंगला अजून गार वारं सुटतं आणि तुझं डोकं तासून पुरता महिनासुद्धा झाला नाही. तेरा दिवस मी त्या डोक्याकडे बघत होते. कानामागे लहानपणीच्या खरजेचा डाग अजून आहे तुझ्या, केसांखाली लपला होता इतकंच.

फोन बंद ठेवला आहेस, ठेव. बांच्या जोडीचे हर्क काका हल्ली बेसीसहरची बस चालवतात, त्यांच्याकडे हे पत्र देते आहे. त्यांना बजावलं, "पोराच्याच हातात द्या, मामांच्या नको." ते म्हणाले, "आणि न वाचता फाडलं तर?" म्हटलं, "फाडायला तरी हातात घेईल ना!"

तेरावं झालं त्याच संध्याकाळी तू पिशवी उचलून मामांकडे निघून गेलास. त्याआधी तेरा दिवस आपण एका खोलीत होतो. शेणानं आखलेल्या रेषेच्या अलीकडे मी, पलीकडे तू. पेंढ्याची दोन अंथरुणं, दोन चुली, दोन भांडी आणि बिनमिठाचा भात. क्रियेला बसलेल्यानं कुणाला शिवायचं नाही, हे तुला सोयीचंच पडलं. मला नाही. तुझा भात रोज तळाला लागायचा, वास यायचा, आणि मला उठून भांडं उतरवता येत नव्हतं. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझा भात कधी करपू दिला होता का मी?

तेरा दिवसांत तू माझ्याशी एकच वाक्य बोललास. "'उठवू का' असं विचारलंस तू मला."

हो, विचारलं. सामन्याच्या सकाळी सात वाजता तुझा फोन आला. अर्ध्या तासात तुम्हा सगळ्यांचे फोन जमा होणार होते. तू म्हणालास, "बा कसे आहेत?" मी म्हणाले, "झोपलेत. उठवू का?" तू म्हणालास, "नको, झोपू दे." बा पाच वाजताच गेले होते. अंगणात तिरडीचे बांबू तोडत होते. तुला तो आवाज जाऊ नये म्हणून मी कोठीघरात जाऊन दार लावून घेतलं होतं.

पण बांचीच तशी इच्छा होती, समीप. "खेळू दे त्याला," म्हणाले होते. त्या दिवशी हरलो असतो तर देशाचा एकदिवसीय सामने खेळायचा दर्जाच गेला असता, हे त्यांना तुझ्याइतकंच ठाऊक होतं. तीस वर्षं काठमांडूची बस चालवली त्या माणसानं, ती काचेपाशी रेडिओ बांधून, धावा ऐकत.

तुला काय सलतं आहे ते मला कळतं. तू चार बळी घेतलेस, शेवटचाही तुझाच. कीर्तिपूरचे लोक झाडांवरून, भिंतींवरून उतरून मैदानात शिरले, तुला खांद्यावर घेतलं, कपाळाला, गालांना लाल अबीर फासला. तू नाचलास. त्यानंतर मी संघाच्या मॅनेजरला कळवलं आणि त्यांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं. बाप गेला त्या दिवशी मुलाच्या कपाळावर लाल रंग! तू जीपमधून उतरून तसाच दारात उभा राहिलास. धाकट्या काकांनी बादलीभर पाणी ओतलं तुझ्यावर, तरी निघाला नाही तो.

जर्सी तू कोपऱ्यात फेकून गेलास. ती माझ्याकडे आहे.

कातडी बूट घालायचे नाहीत वर्षभर, म्हणून कापडी जोडा पाठवते आहे. दही खाऊ नकोस. मामी प्रेमानं वाढतील आणि तू विसरशील.

तुझी दिदी

भरतपूर, ७ साउन

समीप,

पंधरा दिवसांपूर्वी तुमचे प्रशिक्षक घर्ती सर दुकानात आले होते. मी शाळांचे गणवेश कापत बसले होते, सगळीकडे निळ्या चिंध्या. मला पांढऱ्या लुगड्यात बघून ते जरा थबकले. मुलगीही बारखीचं, वर्षभराच्या सुतकाचं पांढरं पाळते आहे हे त्यांना नवं असावं. म्हटलं, "आग मी दिली सर. मग बारखीचं पांढरं दुसरं कोण नेसणार?"

खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "बहीणबाई, मी काही धर्मात ढवळाढवळ करायला आलो नाही. पण चेंडू असतो कातड्याचा. समीप म्हणतो, वर्षभर कातड्याला शिवणार नाही. लेगस्पिन टाकणाऱ्याची बोटं वर्षभर बसली तर विसरतात. फागुनात बारखी संपली की तिसऱ्या दिवशी आमचं शिबिर आहे. नामिबियाचा संघ येतोय. तेव्हा त्याची बोटं चालली नाहीत तर जागा दुसऱ्याची. आणि एकदा गेलेली जागा..."

मग दोन कप चहा प्यायले.

म्हणून मी पंडितजींकडे गेले. विचारलं, "बारखी सहा महिन्यांत आटोपता येते का?" म्हणाले, "येते. त्याला विधी आहे." मी म्हटलं, "तीन महिन्यांत?" "त्यालाही आहे." "तेराव्या दिवशीच?" "हल्ली पुष्कळ लोक करतात तसं. परदेशात नोकऱ्या असतात." मला राग आला. "मग वर्षभर पाळतं कोण?" पंडितजींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ज्याचं मन भरत नाही तो."

एवढं मी हर्क काकांबरोबर तुला तोंडी कळवलं होतं. काका परत आले ते हसू दाबत. "निरोप आहे. 'सांगायचं तेव्हा सांगितलं नाहीस, आता पंडिताचं सांगू नकोस.'"

बरं. लागलं मला. पण चार महिन्यांनी एक वाक्य तरी आलं. घासाघीस न करता ठेवून घेतलं.

मग काकांनी दुसरी बातमी दिली. म्हणाले, "तुझा भाऊ गोठ्याच्या भिंतीवर पेरू टाकत असतो. मामी वैतागल्यात. म्हणतात, भाच्याचे पेरू झकास वळतात, पण खायला एक उरत नाही."

मी शिलाई बाजूला ठेवून हसले. बा गेल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा सोबतचं पुडकं उघड. आत नारायणीच्या पात्रातला गोटा आहे, त्यावर सुती दोरा गुंडाळलाय, घट्ट, बोटं कापेपर्यंत. वरचं कापड माझ्या लुगड्याच्या पदराचं. शिवण तुझ्या खऱ्या चेंडूसारखी उचललेली, टाक्यांच्या सहा ओळी. शेजारच्या सोनाराकडे वजन केलं, बरोबर एकशे साठ ग्रॅम. सोनार म्हणाला, "काय आहे हे, दिदी?" म्हटलं, "दागिना." कातड्याचा एक कण नाही यात आणि रंग पांढरा. एकदिवसीय सामन्यात चेंडू पांढराच असतो ना? मग कुठं बिघडलं?

मामींच्या पेरूंना आता जगू दे.

दिदी

भरतपूर, ४ भदौ

समीप,

चेंडू मिळाला. म्हणजे चेंडूचं जे काय उरलंय ते.

चिठ्ठी नव्हती. मी पुडकं तीनदा झटकून बघितलं. हर्क काका म्हणाले, "त्यानं काही लिहिलं नाही. म्हणाला, टाके उसवलेत, एवढंच सांगा." एवढंच सांगा! अरे, मी शिंपीण आहे. उसवलेलं कापड मला जेवढं सांगतं तेवढं तुझ्या चार पानांनी सांगितलं नसतं.

एका बाजूची शिवण पार गेली आहे, दुसरी शाबूत. म्हणजे तिसऱ्या बोटानं पूर्वीसारखाच ओढतो आहेस. मातीचे डाग एकाच पट्ट्यात आहेत, म्हणजे चेंडू शिवणीवर पडतो आहे. आणि कापडाला जरा रक्त लागलंय. नखाच्या कडेला चीर पडली ना? मोहरीचं तेल लाव. लहान होतास तेव्हा मी लावायची, तू ओरडायचास आणि बा पलंगावरून म्हणायचे, "ओरड, ओरड! अंपायरपुढे कामाला येईल."

मेणाचा दोरा वापरून पुन्हा शिवलाय. गोटा तोच आहे. उसवला की पाठवत जा, संकोच करू नकोस. दुकानात गणवेशांची गर्दी आहे, पण तुझं काम आधी घेईन.

दिदी

भरतपूर, २२ असोज

समीप,

महिन्यात दुसऱ्यांदा. हर्क काका म्हणतात, "तुम्ही दोघं बोलत का नाही? माझी बस आहे की धोबीघाट?" मी म्हटलं, "काका, हेच आमचं बोलणं." ते म्हणाले, "मग जरा कमी उसवत बोला. मामांच्या गोठ्याच्या भिंतीला खड्डा पडलाय."

या वेळी दुहेरी टाका घातलाय. बघू किती दिवस टिकतो.

दिदी

भरतपूर, कात्तिक, भाइटिकेचा दिवस

समीप,

आज सकाळपासून गल्लीत अक्रोड फोडल्याचे आवाज येताहेत. सगळ्या बहिणी भावांना सात रंगांचा टिका लावताहेत, मखमली फुलांच्या माळा घालताहेत, भोवती तेलाची धार ओढताहेत, म्हणजे त्या धारेच्या आत मरण यायचं नाही. आपल्याला या वर्षी नाही. तुझ्या कपाळाला रंग लावायचा नाही आणि माझ्याही नाही. मी दाराला कडी घालून बसले आहे.

टिका लावताना बहीण भावाच्या आयुष्याचं मागणं मागते. खोटं पोटात ठेवून ते मागायचं नसतं, असं मला आज फार वाटलं. टिका नसला तरी मागणं तर मागणारच आहे मी. म्हणून आधी पोट मोकळं करते.

बांनी "खेळू दे त्याला" असं म्हटलं नव्हतं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना धाप लागली होती. उशीला टेकवून बसवलं तर माझा हात धरून म्हणाले, "समीपला बोलाव."

पाच तासांचा रस्ता, समीप. मी तेव्हा फोन केला असता तर तू पोहोचला असतास. तुला बघून गेले असते ते. मी फोन केलाही. तुला म्हणाले, "बा आज बरे आहेत, पेज घेतली." आणि आत जाऊन बांना सांगितलं, "येतोय. निघालाय."

त्यांचा चेहरा असा सैल झाला! म्हणाले, "मग भात टाक. बसनं येणारं पोर, उपाशी असेल. मुग्लिंगच्या थांब्यावर त्याला काही खावंसं वाटत नाही." मी टाकला. तुझ्या मापानं, चांगला दोन माणसांचा. ते स्वयंपाकघराकडे कान लावून पडले होते, झाकणाचा आवाज येतो का ते ऐकत. मग त्यांचा डोळा लागला. पहाटे थोडा वेळ जागे झाले, दाराकडे बघितलं आणि पाचला गेले. तो भात तसाच होता. मयताच्या घरातलं शिजलेलं ठेवत नाहीत, म्हणून काकींनी सकाळी सगळं पातेलं गाईपुढे उपडं केलं.

मी तुम्हा दोघांनाही फसवलं, आणि दोघेही निवांत झोपलात. झोप लागली नाही ती मला.

मला वाटलं होतं, दोन दिवस तरी काढतील. डॉक्टरांनी तसं म्हटलं होतं. पण डॉक्टरांवर ढकलत नाही. सकाळी बा गेल्यावर तरी सांगायचं होतं ना तुला? धाकटे काका अडून बसले की दुपारच्या पुढे प्रेत ठेवायचं नाही, आणि मी अडून बसले की तुला कळवायचं नाही. दोन हट्ट एकत्र आले आणि तुझा बाप तुझ्याशिवाय देवघाटावर गेला. तू पहिलं षटक टाकत असशील तेव्हा मी चिता पेटवत होते. घाटावर कुणाच्या तरी फोनवर सामना चालू होता. तुझा पहिला बळी मी तिथं ऐकला, आणि समीप, मला आनंद झाला. हातात पेटती काडी होती आणि मला आनंद झाला. एवढं मी कुणाला सांगितलेलं नाही.

देशासाठी केलं असं म्हटलं तर लोक मान डोलावतील. बांसाठी म्हटलं तर डोळे पुसतील. खरं ते असं, की मला तू जिंकायला हवा होतास. अकरावीला शाळा सोडून मी मशीनवर बसले. तुझी पहिली बॅट म्हणजे एका अख्ख्या शाळेचे गणवेश. अठरा वर्षं मी सुई ओवत होते ती त्या एका दिवसासाठी, आणि तो दिवस मी मरणालाही द्यायला तयार नव्हते. बांचा शेवटचा शब्द मी माझ्यासाठी मोडला.

आता तुला माझ्यावर रागवायला खरं कारण मिळालं. आजवर तू अर्ध्याच गुन्ह्यावर रागावला होतास.

अक्रोड पाठवते आहे, फोडून खा. आयुष्य मागितलं आहे.

कला

भरतपूर, २१ माघ

समीप,

तीन महिने झाले. चेंडू आला नाही. हर्क काकांना विचारते, तर ते बसचं इंजिन बघत बसतात. एकदा म्हणाले, "तो टाकतोय की नाही, ते मला दिसलं नाही. भिंतीपाशी नसतो हल्ली."

मी तुझी क्षमा मागत नाही. मागण्यासारखं काम नाही ते.

दोनच गोष्टी कळवायच्या आहेत. बारखीचं वर्षश्राद्ध फागुनच्या सोळा तारखेला आहे, देवघाटावर. धाकटे काका सगळं बघताहेत. मी तिथं असलेली तुला नको असेल तर हर्क काकांकडे तसं सांग, मी घाटाच्या वरच्या पायरीवर थांबेन, खाली येणार नाही. आणि घर्ती सरांचा निरोप आहे. शिबिराच्या यादीत तुझं नाव त्यांनी ठेवलंय, पण शाईनं नाही, पेन्सिलीनं. एकोणीस तारखेला सकाळी कीर्तिपूरच्या मैदानावर उभा राहिलास तर ते शाई फिरवतील. माझ्यासाठी खेळू नकोस. माझ्यामुळे सोडूही नकोस.

पांढरं उतरवलं की अंगावर पहिलं रंगीत वस्त्र दुसऱ्यानं आणलेलं घालायचं असतं. मला मामी लुगडं आणणार आहेत. तुझ्यासाठी काय आणायचं, मला माहीत नाही. जर्सी मी सात वेळा धुतली. अबीर गेला नाही, फिका झालाय. खांद्यापाशी आणि छातीवर, जिथं लोकांचे हात लागले होते तिथं.

दिदी

बेसीसहर, लमजुंग, ९ फागुन

दिदी,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. तुझं भाइटिकेचं पत्र तीन महिने खिशात घेऊन फिरलो. दोनदा फाडायला घेतलं. पहिल्यांदा मामी आडव्या आल्या, दुसऱ्यांदा मीच.

तू तुझं सांगितलंस, तर माझंही ऐक. आदल्या संध्याकाळी तू "पेज घेतली" म्हणालीस तेव्हा तुझा आवाज बसलेला होता. तुझा आवाज मला कळत नाही असं वाटतं का तुला? काहीतरी आहे हे मला कळलं होतं. मी विचारलं नाही. सकाळी तू "उठवू का" म्हणालीस, तेव्हा "हो, उठव" एवढंच म्हणायचं होतं मला. मी "नको" म्हणालो. घाईघाईनं म्हणालो, दिदी. मलाही खेळायचं होतं. वर्षभर तुझ्यावर राग धरला तो याचसाठी, की तो संपला असता तर मग माझा नंबर होता.

म्हणजे तू एकटीनं लपवलं नाहीस.

भिंतीपाशी नसतो, कारण खड्डा पडला आणि मामा ओरडले. आता खालच्या शेतात टाकतो. रोज दोनशे. चेंडू पाठवला नाही कारण तो परत गेला की हातात काही राहत नव्हतं. पार चिंधी झालीय त्याची, गोटा दिसतो. बरोबर आणतोय. या वेळी शिवशील तेव्हा लाल दोरा घे, सोळा तारखेनंतर चालेल.

वरच्या पायरीवर वगैरे थांबायचं नाही. आग तू दिलीस, पाणीही माझ्या शेजारी बसून तूच द्यायचं.

माझ्यासाठी जर्सीच आण. ती घालून एकोणीसला कीर्तिपूरला जाईन. डाग असू देत.

मी पंधरा तारखेला हर्क काकांच्या बसनं निघतोय. बांना तू सांगितलं होतंस ना, येतोय, निघालाय म्हणून? ते खोटं राहायला नको.

मुग्लिंगला काही खाणार नाही. भात टाक.

समीप